किती खांब चालता येते? कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे ठरवताना

आपल्याकडे खेड्यात कुणाची कंबर आणि पाय एकत्र दुखू लागले, की ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे सांगून लोक मोकळे होतात. या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळे आजार झाकले जातात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. त्यांपैकी कमरेतील नसांची नळी अरुंद होण्याचा एकच आजार (डॉक्टरांच्या भाषेत ‘लंबर स्पायनल स्टेनोसिस’) येथे घेतला आहे. कमरेच्या मणक्यांच्या मधोमध एक नळी असते आणि तिच्यातून पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात. साठीच्या आसपास, काहींना त्याआधीही, दोन मणक्यांमधली चकती झिजून फुगते, मणक्यांचे सांधे जाड होतात, नळीच्या मागच्या बाजूचा पिवळसर बंध सुजल्यासारखा आत येतो आणि नळी अरुंद होऊन नसांना जागा पुरत नाही. ही अडचण बहुधा शेवटून दुसऱ्या आणि तिसऱ्या चकतीच्या पातळीवर, म्हणजे कमरपट्टा बांधतो साधारण तेथे असते.

आमच्या मोठ्या आईचे वावर घरापासून पाऊण कोसावर आहे. तीन वर्षांपूर्वी ती वाटेत एकदा, रपट्यावर (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर) बसू लागली; पुढच्या हंगामात पांदणीच्या तोंडाशीही बसू लागली; नंतर तर धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत पोचायला तिला पाच वेळा टेकावे लागे. घरातील सर्वांना नवल याचे वाटे, की एकदा वावरात पोचली की ती चार-चार तास वाकून निंदण करी आणि तक्रार करीत नसे. ती म्हणे, “वाकून निंदा लागली त काई नाई होत, उभी राहून चाला लागली का पाय भरून येते.” आम्ही हे बोलणे दोन वर्षे हसण्यावारी नेले. खरे तर त्या एका वाक्यात अर्धे निदान होते. पुढे वाकले की नळी थोडी उघडते आणि नसांना मोकळीक मिळते. ताठ उभे राहिले किंवा मागे झुकले की तो जाड बंध आत घडी घालतो आणि नळी आवळते. म्हणूनच या रुग्णाला सायकल चालवता येते पण चालत जाता येत नाही, आणि डोक्यावर कापसाचे गाठोडे असले की पाय लवकर भरून येतात.

आधी आजार हाच आहे, याची खात्री करावी

उपचारांची तुलना करण्याआधी ही पायरी अवश्य करावी, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका येथेच होतात. पायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. मात्र त्या रुग्णाला नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत आराम पडतो, वाकण्याची किंवा बसण्याची गरज लागत नाही. ज्यांना बिडी, सिगारेट किंवा आपल्याकडच्या खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) दीर्घ सवय आहे, अशांच्या पावलावरील नाडी डॉक्टरांनी बोटाने चाचपून पाहिलीच पाहिजे. मधुमेहामुळे होणारी तळव्यांची जळजळ आणि मुंग्या चालण्या-बसण्याने बदलत नाहीत, रात्री उलट वाढतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि ती कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते. दुखणे जांघेत असेल आणि मांडी घालून बसताना वाढत असेल, तर खुब्याचा सांधा तपासावा. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी ही मणक्याच्या क्षयरोगाची किंवा गाठीची खूण असू शकते. तेथे व्यायाम करीत बसणे धोक्याचे आहे.

विदर्भापुरत्या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे तसे पाणी प्यायलेल्यांच्या पाठीतील बंध कडक होऊन नळी कमरेतच नव्हे, तर छातीच्या पातळीवर आणि मानेतही अरुंद होऊ शकते. हातांनी गुंडी लावता येत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा पाय लाकडासारखे ताठत असतील, तर दोष वरही आहे असे समजावे आणि फक्त कमरेचे चित्र काढून थांबू नये. अशा रुग्णाची कमरेची शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी त्याचे चालणे सुधारणार नाही. दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्याच्यामुळेही पाठ व हाडे दुखतात आणि भूल देताना त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, म्हणून घरात कुणाला असेल तर ते न विचारताच सांगावे.

एमआरआयबद्दल येथेच स्पष्ट लिहितो. चित्र हे तक्रारीला पूरक असते, तिची जागा घेत नाही. १९९० साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ६७ जणांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा साठीच्या पुढच्या सुमारे एकपंचमांश लोकांत नळी अरुंद दिसली. त्यांना त्रास मात्र काहीच नव्हता. आम्ही ज्या पहिल्या दवाखान्यात गेलो, तेथे मोठ्या आईला टेबलावर झोपवून तपासलेही नाही. फिल्म दिव्यासमोर धरली, “नस पूर्ण दबली आहे, आठवड्याच्या आत करून घ्या” असे सांगितले आणि खर्चाचा कागद पुढे केला. त्या कागदावर स्क्रूंची संख्या होती, पण ती किती चालू शकते याचा एक शब्दही नव्हता.

घाई केव्हा करावी

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचाचे भान जाणे, जांघांच्या आतला आणि बैठकीचा भाग बधिर होणे, किंवा पाऊल एकाएकी लुळे पडून चप्पल पायातून निसटणे, यांपैकी काहीही झाले तर तुलना, विचारविनिमय आणि पंचांग बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी नसा वाचवण्याचा काळ तासांत मोजला जातो. पायाची शक्ती हळूहळू पण निश्चित कमी होत असेल, तरी आठवडे घालवू नयेत.

ही लक्षणे नसतील तर मात्र घाई नसते. सौम्य किंवा मध्यम त्रास असलेल्यांपैकी बरेच जण वर्षानुवर्षे साधारण तसेच राहतात, काहींना आपोआप बरे वाटते आणि झपाट्याने बिघडणारे थोडे असतात. ‘आज केले नाही तर लकवा मारेल’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. दुसऱ्या टोकाची भीतीही तशीच आहे. ‘मणक्याचे ऑपरेशन झाले की माणूस बाजेला खिळतो’ हे गावोगाव ऐकू येते. कमरेची नळी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी चालवतात.

खांब मोजावेत

दोन उपचारांची तुलना करायची तर आधी मोजमाप हवे. दुखणे किती, हे विचारले तर रुग्ण ‘लय’ म्हणतो आणि ते दर आठवड्याला ‘लय’च राहते. म्हणून चालणे मोजावे. गावाच्या डांबरी रस्त्यावरील विजेच्या दोन खांबांमधले अंतर एकदा पावलांनी मोजून ठेवावे. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी आणि एकाच चपलेने रुग्णाने चालावे आणि पाय भरून येऊन थांबावेच लागले तो खांब कितवा, हे वहीत लिहावे. सोबत किती वेळ उभे राहता आले, रात्री झोप लागली का आणि त्या आठवड्यात वेदनेच्या किती गोळ्या घेतल्या, एवढ्या तीन नोंदी पुरेत. मोठ्या आईची पहिली नोंद साडेतीन खांबांची होती. शेजारच्या भाऊजींची चार. दोघांचा आजार एकच, वयही जवळपास एकच. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि दोघांचेही चुकले असे मला वाटत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाने आपल्याला नेमके काय करता यायला हवे आहे, ते लिहून घ्यावे. भाऊजींना सकाळी पारापर्यंत जाऊन बसता आले की पुरे होते, आणि शेत मुले पाहत होती. मोठ्या आईला वावरात जायचे होते. किती खांब चालता येणे ‘पुरेसे’ आहे, हे एमआरआय सांगत नाही; ते या पानावरून ठरते.

शस्त्रक्रियेविना काय करता येते

किमान सहा आठवडे, शक्य असल्यास तीन महिने, हा उपचार नीट करावा. नीट म्हणजे रोज. पाठीवर झोपून आधी एक आणि मग दोन्ही गुडघे छातीशी घेऊन थोडा वेळ धरावेत. गुडघे वाकवून कंबर सतरंजीला टेकवत पोट आत घ्यावे. खुब्याचे आणि मांडीचे स्नायू बळकट करावेत. आणि चालताना पाय भरून येण्याच्या थोडे आधीच थांबून, बसून, पुन्हा चालावे. मागे वाकण्याचे व्यायाम या आजारात बहुधा त्रास वाढवतात, म्हणून भुजंगासन कुणी सांगितले तर आधी विचारावे. सायकल हा उत्तम व्यायाम आहे. घरात जुनी सायकल असेल तर स्टँडवर उभी करून पायडल मारले तरी चालते. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून हे सर्व शिकून घ्यावे आणि महिन्याने पुन्हा दाखवावे, कारण कागदावरचा व्यायाम घरी पोचेपर्यंत बदलतो. भाऊजींचा बदललाच होता. गुडघे छातीशी घेताना ते मान आणि खांदे उचलत आणि कंबर जागची हलतच नसे.

गोळ्यांचा उपयोग मर्यादित आहे. वेदनाशामके काही दिवसांपुरती ठीक. महिनोन्महिने घेतली तर जठर आणि मूत्रपिंड बिघडतात, आणि उन्हाळ्यात घाम गाळून, पाणी कमी पिऊन शेतात राबणाऱ्याच्या मूत्रपिंडाला हा धोका अधिक. नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येऊन तो पडू शकतो आणि या आजारात त्यांचा फायदा ठळकपणे सिद्ध झालेला नाही. पट्टा कामापुरता बांधावा. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या पुड्या, ज्यांनी दोन दिवसांत चमत्कार होतो, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे तर जाऊच नये.

कमरेत देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयी फार आशा धरू नये. या आजाराच्या ४०० रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसते बधिर करणारे औषध आणि त्यात स्टेरॉइड मिसळलेले औषध, यांत सहा आठवड्यांनी जवळपास फरक आढळला नाही. लग्नकार्यापुरता थोडा आराम कुणाला मिळतो, हे खरे. नळी त्याने रुंद होत नाही आणि मधुमेही माणसाची साखर काही दिवस चढते.

शस्त्रक्रियेत काय होते

पाठीच्या मधोमध छेद घेऊन नळीचे मागचे हाडाचे छत आणि तो जाड बंध गरजेपुरता काढतात, म्हणजे नसा मोकळ्या होतात. मूळ शस्त्रक्रिया एवढीच. मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडणे हे वेगळे, वरचे काम आहे आणि ते प्रत्येकाला लागत नाही. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती नळी मोकळी केलेले आणि सोबत मणके जोडलेले, असे दोन्ही गट दोन वर्षांनी सारखेच होते. मणका थोडा पुढे सरकलेल्या २६७ रुग्णांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही नुसती नळी मोकळी करणे कमी पडले नाही. उलट अमेरिकेतील वृद्ध रुग्णांच्या २०१० सालच्या पाहणीत जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती नुसत्या मोकळीकीनंतर २.३ टक्के, तर गुंतागुंतीच्या जोडणीनंतर ५.६ टक्के होत्या. मणका हलता असेल किंवा कंबर फार वाकडी झाली असेल, तर जोडणी लागू शकते. म्हणून कागदावर स्क्रू दिसले की “माझा मणका सरकतो, हे कोणत्या एक्स-रेत दिसले?” हा प्रश्न निःसंकोच विचारावा. पुढे आणि मागे वाकून, उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत त्याचे उत्तर असते.

या शस्त्रक्रियेने पायांचे दुखणे आणि चालणे जितके सुधारते, तितकी कंबरदुखी सुधारत नाही. बधिरपणा सर्वांत शेवटी जातो, काहींचा जातच नाही. नसांवरचे आवरण फाटणे ही सर्वाधिक दिसणारी गुंतागुंत आहे. ते बहुतेकदा तेथेच शिवता येते, मात्र त्यानंतर काही वेळा पडून राहावे लागते. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होणे आणि क्वचित नसेला इजा, हे धोके उरतातच.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तर

अमेरिकेतील १३ केंद्रांत झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून २८९ रुग्णांचे दोन गट केले होते. पण माणसे गटात राहिली नाहीत. शस्त्रक्रिया करायची ठरलेल्यांपैकी दोन वर्षांत ६७ टक्क्यांनीच ती करून घेतली आणि न करण्याच्या गटातील ४३ टक्क्यांनी करून घेतली. त्यामुळे नुसत्या गटांची तुलना फारसे सांगत नाही. प्रत्यक्ष कोणता उपचार झाला ते धरून पाहिले, तर शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे आणि हालचाल तीन महिन्यांतच अधिक सुधारली आणि तो फरक चार वर्षे टिकला. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून गट केलेल्या रुग्णांत तो कमी होत गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी ९ टक्क्यांचे आवरण फाटले आणि आठ वर्षांत सुमारे १८ टक्क्यांना पुन्हा टेबलावर जावे लागले.

२०१५ सालचा दुसरा अभ्यास लहान आहे, पण आपल्या प्रश्नाला जवळचा आहे. शस्त्रक्रियेला तयार झालेल्या १६९ रुग्णांपैकी अर्ध्यांना आधी सहा आठवडे शिस्तीने व्यायामोपचार दिला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखी होती, मात्र व्यायामाच्या गटातील ५७ टक्क्यांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. याचा अर्थ मी असा लावतो, की आधी व्यायाम केल्याने गाडी चुकत नाही. काहींची गरज त्यातच भागते आणि ज्यांची भागत नाही, त्यांना दार उघडे असते. दोन उपचारांत आधी कोणता आणि किती दिवस, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी तो ‘हा की तो’ असा मांडला जातो, ते मला चुकीचे वाटते.

तीन महिन्यांनी भाऊजींची वही अकरा खांबांवर आली होती आणि पार आठव्या खांबाजवळ आहे. मोठ्या आईची साडेचारवर अडली होती. तिने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला.

ठरलेच तर तयारी

पहिल्या डॉक्टरांचे मत पटले तरी दुसरे घ्यावे आणि ते शक्यतो अशा ठिकाणी घ्यावे, जेथे शस्त्रक्रिया झाली काय आणि न झाली काय, सांगणाऱ्याला फरक पडत नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ आणि अकोल्याची महाविद्यालये ही आपल्या आवाक्यातली ठिकाणे आहेत. गडचिरोलीकडच्या लोकांसाठी शोधग्रामच्या दवाखान्यातही बाहेरून येणाऱ्या शल्यविशारदांकडून मणक्याच्या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. तारखा आधी विचारून घ्याव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचे कार्ड उत्पन्न न पाहता मिळते. तरीही आपली नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) विचारावे आणि शिधापत्रिका, आधार यांवरील नावे जुळतात का तेही पाहावे. मोठ्या आईचे नाव एकीकडे माहेरच्या पद्धतीने लिहिलेले होते आणि त्यात आमचे बारा दिवस गेले.

साखर आणि रक्तदाब आधी आटोक्यात आणावेत. खर्रा काही आठवडे आधी बंद करावा, कारण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि जोडणी केली असेल तर हाड न जुळण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे लिहून घ्यावे; स्वतःच्या मनाने थांबवू नये.

वेळ निवडता येत असेल तर कापसाची शेवटची वेचणी उरकल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत करावी. सहा आठवडे ओझे उचलता येत नाही, खाली वाकून काम करता येत नाही, आणि पूर्ण कष्टाचे काम तीन महिन्यांच्या आत धरू नये. म्हणजे मृगाच्या पेरणीपर्यंत माणूस हिंडता-फिरता होतो. मे महिन्यातल्या उन्हात पाठीवरची पट्टी घामाने भिजते, तेही टळते. घरात बाज सैल असेल तर ताणून घ्यावी किंवा तिच्यावर फळी टाकावी, कारण खोलगट बाजेवरून कुशीवर वळून उठणे जमत नाही. उकिडवे बसावे लागू नये म्हणून प्लास्टिकची शौचाची खुर्ची आधीच आणून ठेवावी. परतीचा प्रवास एसटीने करू नये. गाडीत मागच्या सीटवर कुशीवर निजवून आणावे आणि तासाभराने थांबून चार पावले चालवावे. टाके जवळच्या ग्रामीण रुग्णालयात काढता येतील का, हे सुट्टी घेतानाच विचारावे आणि तशी चिठ्ठी घ्यावी, नाहीतर दोन मिनिटांच्या कामासाठी पुन्हा दीडशे किलोमीटर जावे लागते. ताप आला, जखमेतून पाणी झिरपले, पोटरी सुजली किंवा लघवी अडली, तर टाक्यांच्या तारखेची वाट पाहू नये.

खांबांची वही शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवावी आणि सहा आठवड्यांच्या तपासणीला सोबत न्यावी. मोठ्या आईच्या वहीत त्या दिवशी नऊ खांब होते, पेरणीच्या सुमारास वीस. वावर अठराव्या खांबापासून आत वळते. डाव्या तळव्याचा बधिरपणा गेलेला नाही, आणि रपट्यावर ती अजूनही एकदा बसते.